पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या धातूच्या भागांचे घरच्या घरी पॉलिशिंग आणि ब्ल्यूइंग : नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

पिस्तुलाच्या किंवा रिव्हॉल्व्हरच्या पोलादावर दिसणारा गडद निळसर-काळा रंग हा वरून दिलेला रंग नसतो. पारंपरिक ब्ल्यूइंगमध्ये पोलादाच्या पृष्ठभागाचेच काळ्या लोह ऑक्साइडमध्ये, म्हणजे मॅग्नेटाइटमध्ये, रूपांतर झालेले असते आणि हा थर इतका पातळ असतो की त्याखालचा प्रत्येक ओरखडा, कानशीची प्रत्येक रेघ आणि गंजाने पाडलेला प्रत्येक खड्डा त्यातून जसाच्या तसा दिसतो. नव्याने हे काम करू पाहणारे बहुतेक जण कोणते ब्ल्यूइंग द्रावण चांगले, याच प्रश्नात अडकतात. वास्तविक रसायनाचे काम काही मिनिटांचे असते, तर घासकाम आणि स्वच्छता यांना तासन् तास लागतात आणि शेवटी जे रूप दिसते ते त्या घासकामाचेच असते. म्हणून या लेखात रसायनापेक्षा घासकामाला अधिक जागा दिली आहे.

१. आधी ठरवा : हे काम आपण करावे का?

सर्वांत आधी आपण जिथे राहता तिथला कायदा पाहा. काही ठिकाणी मालकाने स्वतःच्या शस्त्राची बाह्य देखभाल करण्यास मुभा असते, तर काही ठिकाणी साफसफाईच्या पलीकडचे कोणतेही काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. दुसऱ्याचे शस्त्र मोबदला घेऊन दुरुस्त करणे ही तर वेगळीच बाब आहे आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी स्वतंत्र परवाना लागतो.

अनुक्रमांकाबाबत कोणतीही सवलत नाही. फ्रेमवर (शस्त्राच्या मुख्य सांगाड्यावर), स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागावर) किंवा नळीवर कोरलेला अनुक्रमांक, निर्मात्याची मुद्रा आणि चाचणीच्या खुणा यांवर पॉलिश पेपर फिरवू नका. अनुक्रमांक पुसट करणे हा अनेक देशांत गंभीर गुन्हा आहे आणि तो अनवधानाने घडला हे नंतर सिद्ध करणे कठीण जाते. ज्या सपाटीवर अनुक्रमांक आहे ती सपाटी, तिच्यावर थोडे ओरखडे राहिले तरी, आहे तशीच सोडावी.

दुसरा विचार शस्त्राच्या वयाचा. जुने, संग्राहकांना हवेसे वाटणारे शस्त्र मूळ झिजलेल्या रूपात जितके मोलाचे असते तितके नव्याने चमकवल्यावर राहत नाही. वारशाने आलेले शस्त्र असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय त्याला हात लावू नका, कारण घासून गेलेले पोलाद परत आणता येत नाही. पहिला प्रयोग करायचा असेल तर तो साध्या पोलादाच्या एखाद्या पट्टीवर करा, मग एखाद्या स्क्रूवर किंवा बाजूच्या प्लेटवर, आणि त्यानंतरच स्लाइडकडे वळा.

२. शस्त्र रिकामे करा आणि जागा तयार करा

मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे झाडण्यापूर्वी काडतूस बसते ती जागा, डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर उघडून प्रत्येक खाना तपासा. त्यानंतर सर्व काडतुसे कामाच्या खोलीबाहेर, कुलपात ठेवा. काम अर्धवट सोडून उठलात तर परत बसताना हीच तपासणी पुन्हा करा.

कामाची जागा हवेशीर असावी, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नसावी आणि तिथे अन्नपदार्थ नसावेत. ॲसिटोनची वाफ सहज पेट घेते आणि बारीक स्टील वूलदेखील (पोलादाच्या केसासारख्या तारांचा पुंजका) ठिणगीने पेटते. वापरलेल्या शस्त्रावर काडतुसांमधल्या शिशाचे अवशेष असतात. त्यामुळे घासकाम सुरू करण्यापूर्वी शस्त्र नीट स्वच्छ करा, कोरडी धूळ उडू देऊ नका आणि काम संपल्यावर जेवणापूर्वी हात साबणाने धुवा.

३. धातू आणि त्यावरचा थर ओळखा

या पायरीवर केलेली चूक सर्वांत महाग पडते, कारण एका धातूला मानवणारे रसायन दुसऱ्या धातूला खाऊन टाकते.

साध्या कार्बन पोलादाला आणि सौम्य मिश्रधातूच्या पोलादाला ब्ल्यूइंग बसते. स्टेनलेस पोलादाला नेहमीचे ब्ल्यूइंग धरत नाही. ते ओळखण्यासाठी नुसत्या चुंबकावर विसंबू नका. शस्त्रांसाठी वापरले जाणारे स्टेनलेस बरेचदा चुंबकाला चिकटणाऱ्या प्रकारचे असते, त्यामुळे चुंबक चिकटला म्हणून ते साधे पोलाद ठरत नाही. निर्मात्याची पुस्तिका हाच खात्रीचा आधार. फ्रेमला चुंबक अजिबात चिकटत नसेल तर ती बहुधा ॲल्युमिनियमची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असते. ॲल्युमिनियमवरचा काळा रंग बहुधा ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने चढवलेल्या रंगीत ऑक्साइड थराचा, असतो. तो घासून काढला की घरी पुन्हा तसा आणता येत नाही, आणि जस्ताच्या मिश्रधातूवर सौम्य आम्लसुद्धा झपाट्याने परिणाम करते.

निकेलचा मुलामा असलेल्या शस्त्राला पॉलिश पेपर लावूच नका. मुलामा पातळ असतो आणि कडांपाशी तो आधी उडतो. निकेलखाली तांब्याचा थर असेल तर अमोनियायुक्त साफसफाईचे द्रावण निकेलच्या बारीक भेगांतून आत शिरते आणि तांबे विरघळवून मुलामा उचलते. अनेक आधुनिक पिस्तुलांच्या स्लाइडवर नायट्राइडिंग, म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कठीण करण्याची प्रक्रिया, केलेले असते. तो पृष्ठभाग अतिशय कठीण असतो आणि गंजापासूनचे संरक्षण त्याच पातळ पट्ट्यात असते, म्हणून तो घासून चमकवण्यात लाभापेक्षा नुकसानच आहे. मॅट करड्या रंगाचा, किंचित खरखरीत थर दिसला तर तो फॉस्फेटचा असण्याची शक्यता मोठी. त्याचा खरखरीतपणा तेल धरून ठेवण्यासाठीच असतो, त्यामुळे तो गुळगुळीत करू नये.

थोडक्यात, पुढच्या पायऱ्या ब्ल्यूइंग केलेल्या किंवा उघड्या कार्बन पोलादासाठी आहेत.

४. लागणारे साहित्य

- २२०, ३२०, ४००, ६०० आणि ८०० क्रमांकाचे वॉटर पेपर (क्रमांक जितका मोठा तितका पॉलिश पेपर बारीक). आरशासारखी चमक हवी असेल तर १००० आणि १५००
- पेपरमागे धरण्यासाठी कडक रबर, लाकूड आणि धातू यांचे छोटे सपाट ठोकळे, गोल भागांसाठी लाकडी दांड्या
- नेमक्या मापाचे पंच, पितळी हातोडी आणि खाचेत घट्ट बसणारे स्क्रूड्रायव्हर
- जबड्यांना मऊ आवरण लावलेला वाइस (भाग घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा)
- पातळ मशीन तेल, ॲसिटोन, ०००० दर्जाचे स्टील वूल
- नायट्राइल हातमोजे, डोळ्यांवरचा चष्मा, सुती कापडाचे धागे न सुटणारे तुकडे
- पांढरे व्हिनेगर, खाण्याचा सोडा, डिस्टिल्ड पाणी
- कोल्ड ब्ल्यूइंगचे द्रावण आणि ते ओतून घेण्यासाठी वेगळी काचेची वाटी

स्क्रूड्रायव्हरबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक वाटते. घरगुती स्क्रूड्रायव्हरचे पाते टोकाकडे निमुळते असते आणि शस्त्रांच्या स्क्रूंची खाच बहुधा समांतर भिंतींची असते. निमुळते पाते खाचेतून वर सरकते, खाचेच्या कडा फाटतात आणि पात्याचे टोक बाजूच्या पॉलिशवर ओरखडा काढते. समांतर कडांचे पाते मिळवणे हा या यादीतला सर्वांत स्वस्त बचाव आहे.

५. सुटे करणे

सुटे करताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढा आणि भाग काढलेल्या क्रमाने खणांच्या डब्यात ठेवा. पिन कोणत्या बाजूने बाहेर येते हे आधी पुस्तिकेत पाहा, कारण काही पिना एका टोकाला किंचित जाड असतात. ताणलेल्या स्प्रिंगा उडून डोळ्याला इजा करू शकतात, म्हणून चष्मा इथपासूनच लावावा. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठी, रबरी भाग आणि निशाण साधण्यासाठीचे चमकदार ठिपके असलेल्या साइट्स बाजूला ठेवा. साइट्स ठोकून काढण्याची गरज नसेल तर त्यांना चिकटपट्टीने झाकणे पुरते.

चाप आणि घोडा (काडतूस पेटवण्यासाठी पुढे आदळणारा भाग) यांच्या आतल्या यंत्रणेचे संपूर्ण विघटन नवशिक्याने करू नये. त्या भागांना बाहेरून दिसणारे रूप नसते. त्यामुळे त्यांना पॉलिश करण्यातून आपल्या उद्दिष्टाच्या दृष्टीने काहीच मिळत नाही.

६. कुठे पेपर लावायचा नाही

ही यादी कामाला बसण्यापूर्वी लिहून समोर ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

घोडा ज्या खाचेवर अडतो ती खाच आणि तिच्यात अडकणारी सिअरची (चाप दाबेपर्यंत घोडा रोखून धरणाऱ्या भागाची) कड यांचे कोन अतिशय नेमके असतात आणि त्यांच्यावर बहुधा कठीण केलेल्या पोलादाचा पातळ थर असतो. तो घासला गेला तर शस्त्र चाप न दाबताही उडू शकते. त्याचप्रमाणे डिस्कनेक्टर (चापाच्या एका दाबात एकच गोळी सुटेल असे पाहणारा भाग), सेफ्टीचे आतले भाग, फायरिंग पिन, सर्व स्प्रिंगा, चेंबरचा आतला भाग, नळीची आतली बाजू, नळीच्या तोंडाची कड, काडतुसाचा मागचा भाग टेकतो तो ब्रीचचा पृष्ठभाग, नळीवरचे लॉकिंग लग (नळी आणि स्लाइड एकत्र अडकवणारे उंचवटे) आणि स्लाइड-फ्रेमच्या सरकपट्ट्या यांना हात लावू नका. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरच्या मागचे दातेरी चक्र, सिलिंडरवरच्या अडकणीच्या खाचा, सिलिंडरची पुढची बाजू आणि नळीचे मागचे टोक हेही वर्ज्य. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट काही शतांश मिलिमीटरच्या हिशेबात ठरवलेली असते. तिथे पॉलिश पेपरचे काम नाही.

आपल्या वाट्याला उरतात त्या बाहेरून दिसणाऱ्या, एकमेकांवर न घासणाऱ्या सपाट्या आणि गोलाया.

७. गंज आणि जुने ब्ल्यूइंग काढणे

किरकोळ लाल गंज असेल तर तेल आणि ०००० स्टील वूल पुरेसे असते. हलक्या हाताने, तेल भरपूर ठेवून घासल्यास आजूबाजूचे ब्ल्यूइंग बरेचसे वाचते. अनेकदा काम इथेच थांबवणे शहाणपणाचे ठरते.

पूर्ण थर काढायचा असेल तर साधारण ५ टक्के ॲसेटिक आम्ल असलेले पांढरे व्हिनेगर कापडाने लावा किंवा लहान भाग त्यात बुडवा. भागाकडे लक्ष ठेवा आणि रंग सुटताच तो बाहेर काढा. रात्रभर बुडवून ठेवल्यास पोलादाचा पृष्ठभाग खडबडीत आणि करडा होतो. बाहेर काढलेला भाग सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून आम्ल निष्प्रभ करा, स्वच्छ पाण्याने धुवा, गरम हवेने तत्काळ वाळवा आणि तेल लावा. या क्षणी पोलाद पूर्ण उघडे असते आणि ओलसर हवेत काही मिनिटांतच त्यावर तांबूस छटा येऊ लागते.

तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नका. त्याच्या वाफेने जवळपासची अवजारेही गंजतात, आणि कठीण केलेल्या पोलादात व स्प्रिंगांत हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होतात.

८. घासकाम

सुरुवात किती जाड पेपरने करायची हे खोल खुणा ठरवतात. साधे ओरखडे असतील तर ४०० पासून, गंजाचे खड्डे असतील तर २२० किंवा ३२० पासून. खड्डा खोल असेल तर तो पूर्ण नाहीसा करण्याचा हट्ट सोडा, कारण खड्ड्याच्या तळापर्यंत पोहोचण्यासाठी आजूबाजूचे सगळे पोलाद तेवढेच खाली आणावे लागते आणि त्यात भागाचा आकार बिघडतो. दोन-चार बारीक ठिपके राहिलेली सरळ सपाटी ही निष्कलंक पण लहरी सपाटीपेक्षा नेहमीच चांगली दिसते.

पेपर नेहमी ठोकळ्यावर गुंडाळून वापरा. बोटाने दाबलेला पेपर मऊ असतो. तो कडांवरून खाली वळतो आणि त्यांना गोल करतो, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या करतो आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे पाडतो. कारागिराच्या आणि घाईच्या कामातला फरक जाणकार माणूस याच तीन ठिकाणी पाहतो : कडा, अक्षरे, भोके. भोकांपाशी काम करताना जुना स्क्रू किंवा त्या मापाची लाकडी खुंटी भोकात बसवून सपाटीबरोबर आणली, की पेपर आत घसरत नाही.

पेपरवर तेलाचे एक-दोन थेंब टाका, म्हणजे निघालेले कण तरंगतात आणि पेपर भरून जात नाही. लांब, सरळ, एकसारखे हात मारा आणि जोर कमी ठेवा. एका क्रमांकावरून पुढच्या क्रमांकावर जाताना घासण्याची दिशा थोडी तिरकी बदला. त्यामुळे आधीच्या पेपरच्या रेघा वेगळ्या दिशेने उठून दिसतात आणि त्या सर्व गेल्या की नाही हे कळते. त्या पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घेऊ नका. ३२० ची राहिलेली एक रेघ ८०० ने घासून जात नाही, ती चमकते फक्त. शेवटच्या क्रमांकाचे हात मात्र नळीच्या लांबीच्याच दिशेने, सर्व भागांवर एकाच दिशेत मारा. प्रत्येक क्रमांकानंतर भाग पुसून नवे कापड घ्या, कारण आधीच्या पेपरचा एखादा कण राहिला तरी तो बारीक कामावर खोल रेघ ओढतो.

प्रकाश एका बाजूने, तिरपा पडेल असा ठेवा. समोरून पडणाऱ्या प्रकाशात सगळेच गुळगुळीत दिसते.

कुठे थांबायचे? साध्या वापराच्या शस्त्राला ४०० ते ६०० वर थांबल्यास सौम्य, तेल धरणारे, न चकाकणारे रूप मिळते आणि मला ते अधिक प्रामाणिक वाटते. ८०० च्या पुढची चमक सुंदर दिसते, परंतु तिच्यावर बोटांचे ठसे आणि पुढच्या वापरातले ओरखडे तितकेच ठळक उठतात.

विजेच्या बफिंग चाकाचा मोह टाळा. ते काही सेकंदांत कडा गोल करते, कोरलेली अक्षरे पुसते आणि भाग हातातून हिसकावून भिरकावते. सराव असलेले कारागीर ते उत्तम वापरतात. नवशिक्यासाठी ते साधन नव्हे.

स्टेनलेस पोलादाचे काम वेगळ्या साहित्याने करावे. त्यावर साधे स्टील वूल वापरल्यास पोलादाचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुततात आणि तेच पुढे गंजतात. नायलॉनची बारीक घासणी एकाच दिशेने फिरवली की रेघारेघांचे मूळ रूप परत येते आणि पुढे कोणत्याही रसायनाची गरज राहत नाही.

९. तेल पूर्णपणे काढणे

डागाळलेल्या ब्ल्यूइंगचे कारण बहुतेक वेळा इथे सापडते. हातमोजे चढवा आणि पुढचे द्रावण धुऊन होईपर्यंत उघड्या बोटाने पोलादाला स्पर्श करू नका. ॲसिटोनने भिजवलेल्या कापडाने भाग पुसा, कापड बदला, पुन्हा पुसा. भोके, खाचा आणि अक्षरांच्या तळाशी तेल दडून बसते आणि गरम होताच बाहेर ओघळते. म्हणून भाग हेअर ड्रायरने कोमट करा, तेल पाझरले का पाहा आणि परत पुसा. मात्र ॲसिटोन पूर्ण उडून गेल्याशिवाय आणि त्याचा डबा दूर नेल्याशिवाय ड्रायर सुरू करू नका.

परीक्षा सोपी आहे. भागावर डिस्टिल्ड पाणी ओता. पाण्याचा अखंड पडदा टिकला तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. पडदा फाटून थेंब जमले तर त्या जागी तेल आहे. स्टील वूललाही कारखान्यातून तेल लावलेले असते, तेव्हा पुढच्या पायरीसाठी लागणारे वूल आत्ताच ॲसिटोनमध्ये धुऊन वाळवून ठेवा.

१०. कोल्ड ब्ल्यूइंग

बाटलीतल्या कोल्ड ब्ल्यूइंगने मॅग्नेटाइट तयार होत नाही. बहुतेक द्रावणांत सेलेनियमची आणि तांब्याची संयुगे असतात आणि ती पोलादावर गडद रंगाचा पातळ थर बसवतात. तो खऱ्या ब्ल्यूइंगइतका टिकाऊ नसतो. झिजलेल्या कडा, स्क्रूंची डोकी, एखादा छोटा पट्टा यांसाठी तो उत्तम. संपूर्ण स्लाइडवर एकसारखा रंग आणणे मात्र अवघड आहे. सेलेनियमची संयुगे विषारी असतात, म्हणून हातमोजे, चष्मा आणि वाहती हवा यांत तडजोड नको. उरलेले द्रावण बाटलीत परत ओतू नये आणि गटारातही टाकू नये. घातक कचऱ्याच्या नियमांनुसार त्याची विल्हेवाट लावावी.

भाग कोमट करा. द्रावण वाटीत घेऊन कापसाच्या बोळ्याने, न थांबता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावा. मध्येच थांबलात तर तिथे सीमारेषा उमटते. बाटलीवर सांगितलेला वेळ, जो बहुधा एका मिनिटाच्या आत असतो, पाळा आणि भरपूर थंड पाण्याने धुवा. वाळवून तेलमुक्त स्टील वूलने अगदी हलके चोळा आणि पुन्हा द्रावण लावा. एकदाच जाड थर देण्याऐवजी तीन ते सहा पातळ फेऱ्या दिल्यास रंग गडद आणि समान होतो. तांबूस छटा दिसल्यास पृष्ठभागावर तांबे अधिक बसले आहे असे समजा आणि ती वूलने काढून पुढची फेरी द्या. आजूबाजूच्या जुन्या ब्ल्यूइंगशी रंग तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

११. अधिक टिकाऊ पर्याय

संयम असेल तर रस्ट ब्ल्यूइंग घरी करता येते. त्यात गंज आणणाऱ्या द्रावणाचा पातळ हात देऊन भाग दमट जागी काही तास ठेवतात. आलेला लाल गंज डिस्टिल्ड पाण्यात उकळला की तो काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, आणि वरची मखमली काजळी मऊ तारेच्या ब्रशने किंवा तेलमुक्त वूलने उतरवतात. हेच चक्र रंग पुरेसा गडद होईपर्यंत अनेकदा करावे लागते. नळीची दोन्ही तोंडे लाकडी बुचांनी बंद करा, म्हणजे आतली बाजू गंजणार नाही.

हॉट ब्ल्यूइंग मात्र घरी करू नये, हे माझे ठाम मत आहे. त्यात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचे क्षार सुमारे १३५ ते १५० अंश सेल्सिअसला उकळतात. पाण्याचा थेंब पडला तरी द्रावण उसळते, कातडी आणि डोळे जाळते, ॲल्युमिनियमचे भाग विरघळवते आणि शिसे-कथिलाचे सांधे खाते. संपूर्ण शस्त्राला एकसारखे खोल ब्ल्यूइंग हवे असेल तर घासकाम स्वतः करा आणि पुढचा भाग परवानाधारक कारागिराकडे सोपवा. अनेक कारागीर पॉलिश करून आणलेले भाग स्वीकारतात, पण आधी विचारून घ्यावे.

१२. तेल, जोडणी आणि तपासणी

शेवटच्या धुण्यानंतर भाग वाळवून त्यावर भरपूर तेल लावा आणि रात्रभर तसाच ठेवा. नवा थर सूक्ष्म छिद्रांचा असतो आणि तेल त्यात मुरते. दुसऱ्या दिवशी जादा तेल पुसा. द्रावणाचा अंश अक्षरांत किंवा भोकांत राहिला असेल तर तो पुढच्या काही दिवसांत तांबूस किंवा पांढुरका डाग होऊन बाहेर येतो. तो दिसताच पुसून पुन्हा तेल द्या.

जोडण्यापूर्वी घासकामाचे सगळे कण धुऊन काढा, कारण सरकपट्टीत अडकलेला एक कणही पट्टी खात राहतो. नळीत बुचे बसवली असतील तर ती काढा आणि प्रकाशाकडे धरून नळी आरपार पाहा. अडथळा असलेल्या नळीतून गोळी झाडल्यास नळी फुटते. जोडणी झाल्यावर रिकाम्या शस्त्रावर स्लाइड पूर्ण बंद होते का, सेफ्टी चाप अडवते का, रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर प्रत्येक खान्यावर घट्ट थांबतो का, हे बारूद नसलेल्या, निर्जीव सराव-काडतुसांनी तपासा. यांतल्या एकाही उत्तराबद्दल शंका असेल तर काडतूस न भरता शस्त्र कारागिराला दाखवा.

पहिले काही आठवडे शस्त्र चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडे ओलावा धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेल्या क्षारांचे अंश नव्या, पातळ थरावर आधी हल्ला करतात. कोरड्या कपाटात, तेलाचा हलका हात देऊन, कुलपाआड ठेवा आणि आठवड्यातून एकदा कापडाने पुसून गंजाचा ठिपका कुठे उमटला आहे का ते पाहा.